ओळीच्या शेवटी

नवं यंत्र येऊन आज अकरावा दिवस.
पडदा लख्ख, पंख्याची घरघर नाही,
आणि माझी करंगळी अजून
डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहते.
सतरा वर्षं कॉपी-पेस्ट हे तिचं खातं.
आता ते अंगठ्याकडे गेलंय, आणि अंगठा गोंधळलाय,
तो बिचारा स्पेसबारवर आडवा पडून असायचा.

हेतार्थ म्हणतो, "बेन, एक अठवाडियुं, बस."
तेवीस वर्षांचा आहे. टेबलावर तीन यंत्रं.
एकावरून दुसऱ्यावर असा जातो
जसं कुणी स्वयंपाकघरातून गॅलरीत जावं,
हातात तोच चहाचा कप घेऊन.

औषधविक्रेत्यांचा आमचा जुना प्रोग्रॅम
आता नव्या सर्व्हरवर चढवायचाय.
जुन्या घरी मोठा बी आणि लहान बी
एकाच ताटात जेवायचे.
इथे ते एकमेकांना ओळखत नाहीत.
बिलाची फाइल समोर असून सापडत नाही.
तिरपी रेघ तिकडे मागे रेलून बसायची,
इथे पुढे झुकते, घाईत असल्यासारखी.
हे सगळं मी निस्तरलं. वहीत लिहून ठेवलं.

मग रात्री साडेनऊला, अकोट्याच्या ऑफिसात,
प्रत्येक ओळीच्या शेवटी दिसला
एक छोटा टोप आणि त्याच्याखाली एम.
जुन्या यंत्रावर तो होताच,
फक्त दिसायचा नाही.
"कचरो छे," हेतार्थ म्हणाला, "एक कमांडमां जशे."
आणि हेल्मेट घेऊन गेला.

कचरा नाही रे.
तो टाइपरायटरला दिलेला हुकूम आहे:
गाडी परत डावीकडे आण.

न्यायमंदिराच्या भिंतीलगत, घडीचं लोखंडी टेबल,
त्यावर बाबांचं गुजराती मशीन.
"घोरपडेभाई, एक सोगंदनामुं!"
घरी मराठीत रागावणारा माणूस,
बोटांना मात्र
डोक्यावर रेघ नसलेलीच अक्षरं यायची.
ओळ संपत आली की टिंग,
डावा हात वर, दांडी, खर्रर्र,
आणि दुसऱ्याच कुणाची तरी जमीन
पुन्हा पहिल्यापासून.

दोन हजार एक साली वकिलांना कॉम्प्युटरवरचे कागद हवे झाले.
बाबांनी जुना एक विकत घेतला, हप्त्यावर.
पहिले कितीतरी दिवस
ओळीच्या शेवटी त्यांचा डावा हात उठायचा,
हवेत दांडी शोधायचा,
पडद्याच्या कडेवर हलकेच आपटायचा.
मी बारावीत होते. हसले होते.
"बाबा, ओळ आपोआप वळते."
ते थांबले. चष्मा पुसला.
"आपोआप वळते तर मग
संपली कधी, ते कसं कळायचं?"

उत्तर मला तेव्हा आलं नाही.
नंतर मी इंजिनिअर झाले
आणि प्रश्नच विसरले.

कमांड दिली.
एक लाख चौदा हजार ओळी.
दीड सेकंदही लागला नाही.
काय बदललं ते पाहायला गेले
तर यंत्राच्या मते सगळंच बदललं होतं:
जोशीपुरा सरांनी रात्र रात्र बसून लिहिलेलं,
झंखना बाळंतपणाला जाण्याआधी घाईघाईत संपवून गेली ते,
सगळ्या ओळींपुढे आता माझं नाव.
आणि डोळ्यांना दिसेल असं
मी एकही अक्षर बदललेलं नव्हतं.

खाली वॉचमनने शटर अर्धं ओढलं होतं.
"हजी केटली वार, बेन?"
"बस, पांच मिनिट," मी म्हणाले,
हे म्हणायला कुठलंही बोट शोधावं लागलं नाही.

मग हेतार्थला निरोप लिहायला बसले.
जोशीपुरा सरांचं नाव
जुन्या नोंदीतून उचलायचं होतं.
करंगळी डाव्या कोपऱ्यात गेली.
काही झालं नाही.
थोडा वेळ तिला तिथेच राहू दिलं.